पहारा आणि प्रश्न

महाराष्ट्राच्या शिक्षणव्यवहारात शहराचे नाव लागलेले दोन पॅटर्न गाजले आणि दोन्ही मराठवाड्याचे आहेत. लातूर पॅटर्न ही परीक्षेत गुण कसे मिळवावेत याची पद्धत, तर नांदेड पॅटर्न ही परीक्षेत कुणी चोरून गुण मिळवू नयेत याची. पहिली 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात आकाराला आली, दुसरी 2010 साली. दोन्ही पद्धतींनी आपापल्या काळात खरे काम केले आणि दोन्हींचे अनुकरण राज्यभर झाले. पण 2020 साली परीक्षा विद्यार्थ्याच्या घरात, त्याच्या हातातल्या मोबाइलवर गेली, तेव्हा दोन्ही पॅटर्न एकाच वेळी निकामी झाले. असे का झाले, याचे उत्तर महासाथीत किंवा इंटरनेटच्या रेंजमध्ये शोधण्याची आपल्याला सवय लागली आहे. ते उत्तर त्याहून बरेच जुने आहे. नांदेड-लातूरच्या शंभर वर्षांच्या शैक्षणिक इतिहासाकडे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: इथे शिकवणे नेहमी प्रश्नपत्रिकेच्या मागून चालले आहे. प्रश्नपत्रिकेने जे विचारले ते वर्गात शिरले आणि जे विचारले नाही ते वर्गाबाहेर राहिले. म्हणून ऑनलाइन शिक्षणात विद्यार्थी खरेच शिकला की नाही हे ठरवायचे असेल, तर कॅमेऱ्याचा पहारा वाढवून ते जमणार नाही. प्रश्नच वेगळा विचारावा लागेल.

सुरुवात निजामाच्या राज्यापासून करायला हवी, कारण परीक्षा मुलाच्या ज्ञानाशिवाय भलतेच काही मोजू शकते याचा पहिला धडा या भागाने तिथे घेतला. 1918 साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग हिंदुस्थानात मोलाचा होता, पण ती देशी भाषा उर्दू होती. नांदेड, बीड, उस्मानाबाद (आजचे धाराशिव) या मराठी जिल्ह्यांतल्या मुलाला माध्यमिक शाळेत वर चढायचे तर गणित आणि इतिहासाच्या आधी उर्दू पार करावी लागे. शेतकऱ्याचा हुशार मुलगा मागे पडला तर तो गणितात मागे पडला की भाषेत, हे त्याच्या निकालावरून कळण्याची सोय नव्हती. या परिस्थितीला उत्तर म्हणून 1921 साली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा उभी राहिली. हे गाव आज धाराशिव जिल्ह्यात असले तरी लातूरच्या जवळच आहे. स्वामी रामानंद तीर्थ तिथे मुख्याध्यापक होते आणि पुढे ते मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या शाळेत गेले. या शाळांची कसोटी सरकारी निकालापेक्षा वेगळी होती. मुलगा स्वतःच्या भाषेत विचार करतो का, अंगमेहनत करतो का, गावासाठी उभा राहतो का, हे शिक्षक रोज पाहत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला या शाळांतून कार्यकर्ते मिळाले, हा त्या मूल्यमापनाचा पुरावा मानायला हरकत नाही. मात्र अशा शाळा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या आणि त्या ध्येयवेड्या माणसांवर चालत होत्या. सगळ्या प्रांताची व्यवस्था तशी चालवता येत नाही, हे इथेच कबूल केले पाहिजे.

1948च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली आणि 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. या कॉलेजच्या इतिहासात परीक्षा आणि ज्ञान यांच्यातल्या दुराव्याचे सर्वांत बोलके उदाहरण सापडते. नरहर कुरुंदकर हे महाराष्ट्राच्या वैचारिक जगातले मोठे नाव. इतिहास, नाट्यशास्त्र, मनुस्मृती, राजकारण, संगीत अशा कितीतरी विषयांवर त्यांचा अधिकार होता. ‘श्रीमान योगी’ या कादंबरीला त्यांनी लिहिलेली प्रस्तावना आजही कादंबरीइतक्याच गांभीर्याने वाचली जाते. हेच कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत पुन्हा पुन्हा नापास झाले. 1955च्या सुमारास ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, एम.ए. व्हायला त्यांना 1963 उजाडावे लागले आणि पुढे ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. कुरुंदकर अपवाद होते आणि अपवादावरून नियम काढू नये, असे कुणी म्हणेल. ते बरोबरच आहे. इंटरला नापास होणारा प्रत्येक जण कुरुंदकर नसतो. पण इथला प्रश्न कुरुंदकरांचा नसून त्या परीक्षेचा आहे. ज्या परीक्षेला एवढा मोठा वाचक, एवढा तर्ककठोर विचारवंत दिसत नाही, ती नेमके काय पाहत असते? नेमलेल्या वेळात नेमलेल्या पुस्तकातले नेमलेले उत्तर कागदावर उतरवता येते का, एवढेच ती पाहत होती. नांदेडने कुरुंदकरांना ओळखले ते व्याख्यानांतून, वर्गातून आणि वादविवादांतून. तिथे प्रश्न समोरून येत होते आणि उत्तर तिथल्या तिथे द्यावे लागत होते.

लातूर पॅटर्नचा जन्म समजून घेताना मराठवाड्याचे मागासलेपण विसरता येत नाही. 1974च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते. 1982 साली उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. दहावी-बारावीची गुणवत्ता यादी त्या काळी पुण्या-मुंबईच्या शाळांची मक्तेदारी मानली जाई आणि वैद्यकीय महाविद्यालयातला प्रवेश बारावीच्या गुणांवर ठरत असे. मराठवाड्यातल्या मुलाला डॉक्टर व्हायचे तर बोर्डाच्या उत्तरपत्रिकेत पुण्याच्या मुलाइतके गुण आणणे हा एकच मार्ग होता. 1970 साली स्थापन झालेल्या राजर्षी शाहू महाविद्यालयाने आणि त्याच्या बरोबरीने दयानंद महाविद्यालयाने हे आव्हान स्वीकारले. जनार्दन वाघमारे हे शाहू महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. त्यांच्यानंतर अनिरुद्ध जाधव यांच्या काळात या पद्धतीला शिस्तीचे रूप आले. अभ्यासक्रम वेळेआधी संपवायचा, मग बोर्डाच्या धर्तीवर सराव परीक्षांची मालिका घ्यायची, प्रत्येक उत्तरपत्रिका विद्यार्थ्याला परत दाखवून गुण कुठे गेले ते समजावायचे, कच्च्या विषयाचे जादा तास घ्यायचे आणि सुट्टीतही वर्ग चालू ठेवायचे. यात कसलीही जादू नव्हती. शिक्षकांची अफाट मेहनत होती आणि मुलाच्या चुकीकडे बारकाईने पाहण्याची तयारी होती. उत्तरपत्रिका परत करून चूक समजावणे हा भाग तर शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरेल. त्या काळात खेड्यातून आलेली असंख्य मुले डॉक्टर, इंजिनिअर झाली, आपापल्या घरातली पहिली शिकलेली पिढी झाली. लातूर पॅटर्नला घोकंपट्टी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ऋण आधी मान्य करावे.

पण या पॅटर्नच्या पुढच्या इतिहासात माझ्या मुद्द्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी पुढे सीईटी आली, मग 2013 साली एकदा आणि 2016पासून कायमची नीट आली. बोर्डाच्या परीक्षेत व्युत्पत्ती पायरीपायरीने लिहावी लागे, आकृती काढून नावे द्यावी लागत, उत्तराला बांधणी लागे. नव्या परीक्षेत चार पर्यायांतला एक निवडायचा होता. गाव तेच, मुले त्याच घरांतली, शिक्षकही पुष्कळसे तेच होते, पण परीक्षा बदलताच शिकवणे मुळापासून बदलले. उत्तर लिहिण्याचा सराव बंद पडला आणि चुकीचे पर्याय झटपट बाद करण्याचा सराव सुरू झाला. लातूरच्या उद्योग भवन परिसरातला ट्यूशन एरिया आणि नांदेडमधल्या क्लासेसच्या वसाहती याच बदलावर उभ्या राहिल्या. प्रवेश गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात घ्यायचा आणि राहायचे लातूरच्या क्लासजवळच्या खोलीत, ही रीत रुळली. कनिष्ठ महाविद्यालये इतकी ओस पडू लागली की 2018 साली राज्य सरकारला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. या सगळ्यात प्रयोगशाळेचे काय झाले? बारावीच्या प्रात्यक्षिकाचे गुण शाळेच्या हातात होते आणि प्रवेशाच्या यादीत त्यांना किंमत नव्हती. म्हणून प्रात्यक्षिक हा वर्षअखेरीचा उपचार झाला. भावी डॉक्टरने सूक्ष्मदर्शकातून स्वतः काय पाहिले, हे प्रवेशाच्या वाटेवर कुणीही विचारत नव्हते. शिक्षकांना किंवा पालकांना दोष देऊन इथे भागत नाही, कारण ते त्यांच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नपत्रिकेला प्रामाणिकपणे उत्तर देत होते.

त्याच काळात शेजारी नांदेडमध्ये दुसरी गोष्ट घडत होती. सामूहिक कॉपी हा महाराष्ट्राचा जुना आजार. 1982 सालीच राज्याने विद्यापीठ आणि मंडळाच्या परीक्षांतील गैरप्रकारांना आळा घालणारा कायदा केला होता. कायदा होता, भरारी पथके होती, बैठी पथके होती, तरी परीक्षा केंद्राच्या खिडकीवर चिठ्ठ्या पोचवणारी गर्दी कमी होत नव्हती. 2010 साली नांदेडचे जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी महसूल, पोलीस आणि शिक्षण या तिन्ही खात्यांना एकत्र आणून कॉपीमुक्तीची मोहीम राबवली. त्या वर्षी जिल्ह्याचा निकाल झपाट्याने खाली आला. याच जिल्ह्याने नंतर पटपडताळणीही केली. पटावर नावे होती आणि वर्गात मुले नव्हती, हे तिथे उघड झाले आणि ऑक्टोबर 2011मध्ये तीच पडताळणी राज्यभर झाली. नांदेड पॅटर्नचे मोल निकाल घसरण्यातच होते. आधीच्या वर्षांचा उंच निकाल खोटा होता, हे जिल्ह्याने स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि तसे सांगायला धैर्य लागते. पण या मोहिमेचा हात परीक्षा केंद्राच्या फाटकापर्यंतच पोचत होता. आत वाटल्या जाणाऱ्या प्रश्नपत्रिकेत काय आहे, हा जिल्हाधिकाऱ्याच्या अखत्यारीतला विषय नव्हताच. मागच्या पाच वर्षांचे प्रश्न फिरवून विचारले जात होते, अपेक्षित प्रश्नसंच तसेच खपत होते. चिठ्ठी बंद झाली आणि पाठांतर उरले. चिठ्ठीपेक्षा पाठांतर निश्चितच बरे, पण पाठ करणे म्हणजे शिकणे नव्हे.

तिसरा प्रवाह मात्र पॅटर्नच्या गाजावाजाखाली झाकला गेला. 1989 साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू होते आणि नांदेडला विद्यापीठाचे विभागीय केंद्र आले. ज्याला रोज वर्गात येता येत नाही अशा शेतकऱ्याला, गृहिणीला, नोकरदाराला पुस्तक, अभ्यासकेंद्र आणि स्वाध्याय यांच्या आधारे शिकवायचे, ही त्यामागची कल्पना होती. आजच्या ऑनलाइन शिक्षणाचे मूळ शोधायचे तर ते इथे सापडते. शिकणारा दूर आहे, त्याच्यावर नजर ठेवता येत नाही, तरीही त्याचे शिकणे तपासायचे आहे, हा पेच या विद्यापीठाला पहिल्या दिवसापासून होता. 1989 सालीच अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ग्रँट विगिन्स यांनी एका लेखात मांडले होते की खरी परीक्षा तीच, जी त्या विषयातल्या माणसाला प्रत्यक्षात करावे लागणारे काम विद्यार्थ्याकडून करून घेते आणि मग त्यावर त्याला प्रश्न विचारते. मुक्त विद्यापीठाच्या कृषी अभ्यासक्रमांत ही दिशा होती, कारण तिथला विद्यार्थी अनेकदा स्वतःच शेतकरी असे आणि त्याचे शेत हीच त्याची प्रयोगशाळा असे. पण जिथे स्वाध्याय सर्वांना एकच आणि दरवर्षी तोच राहिला, तिथे तो एकाचा पाहून दुसऱ्याने उतरवायचा कागद झाला. दूरशिक्षणाने ही अडचण इतकी आधी दाखवून दिली होती, तरी 2020 साली कुणी तिची आठवण ठेवली नाही.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी, मराठवाडा मुक्तिदिनी, नांदेडला सुरू झाले आणि त्याचे पहिले कुलगुरू लातूरच्या शाहू महाविद्यालयातून आलेले जनार्दन वाघमारे होते. नांदेड आणि लातूर हे दोन्ही जिल्हे परभणी आणि हिंगोलीसह याच विद्यापीठाखाली येतात. मार्च 2020मध्ये टाळेबंदी लागली आणि वसतिगृहांतली मुले गावोगाव परतली. 6 जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्याच लागतील असे सांगितले, 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही हे मान्य केले आणि राज्यातल्या विद्यापीठांना काही आठवड्यांत लाखो विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी लागली. बहुतेकांनी घरबसल्या सोडवायच्या बहुपर्यायी प्रश्नांचा रस्ता धरला. म्हणजे नीटसाठी बनलेला साचा इतिहास, मराठी, राज्यशास्त्र यांच्या पदवीलाही लावला गेला. केंद्रावर पहारा असतो म्हणून तो साचा काही अंशी तरी चालतो. घरात पहारा नव्हता. ज्या प्रश्नाचे उत्तर मोबाइलवर एका मिनिटात सापडते तो प्रश्न मोबाइलवरच विचारला गेला आणि उत्तरे व्हॉट्सअॅपवर फिरली. त्यात विद्यार्थ्यांची नीतिमत्ता घसरली असे म्हणणे सोपे आहे. मला प्रश्नच कमकुवत होता असे वाटते.

मंडळाच्या निकालांचे आकडे हेच सांगतात. बारावीचा राज्याचा निकाल 2020 साली, टाळेबंदीच्या आधी झालेल्या परीक्षेवर, 90.66 टक्के लागला. 2021 साली परीक्षा रद्द झाली. दहावीचे गुण, अकरावीचे गुण आणि बारावीचे अंतर्गत गुण यांना 30, 30 आणि 40 असे वजन देऊन निकाल लावला गेला, तो 99.63 टक्के आला. त्याच वर्षी दहावीचा निकाल 99.95 टक्के होता. 2022 साली परीक्षा पुन्हा केंद्रावर झाली, पण अभ्यासक्रम कमी करून, जादा वेळ देऊन आणि मुलांच्या स्वतःच्याच शाळेत केंद्र ठेवून. बारावीचा निकाल 94.22 टक्के लागला. 2023मध्ये जुनी व्यवस्था परतली आणि निकाल 91.25 टक्क्यांवर आला. चार वर्षांत राज्यातली मुले एकदम हुशार होऊन पुन्हा मंद झाली असे कुणीच म्हणणार नाही. मोजण्याची पद्धत बदलली की आकडा बदलतो, एवढाच याचा अर्थ. 31 जानेवारी 2022 रोजी ऑनलाइन परीक्षेसाठी मुले राज्यात ठिकठिकाणी रस्त्यावर उतरली. त्यांच्या मागणीवर टीका झाली, पण ऑनलाइन परीक्षा म्हणजे सोपी परीक्षा हा धडा त्यांना आधीच्या दोन वर्षांत व्यवस्थेनेच दिला होता.

या सगळ्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप सामाजिक आहे आणि तो मराठवाड्यातूनच येतो. बैठक क्रमांकाआड लपलेली उत्तरपत्रिका जात पाहत नाही, गाव पाहत नाही, बाप कोण ते विचारत नाही. ज्या मुलाच्या मागे कुणी नाही त्याला एकसारखी, गुप्त, केंद्रीय परीक्षाच न्याय देते. प्रकल्प, तोंडी परीक्षा, अंतर्गत गुण म्हणजे पुन्हा शिक्षकाच्या मर्जीचे राज्य. हा आक्षेप टोलवता येत नाही आणि 99.95 टक्के हा आकडा त्याच्या बाजूने साक्ष देतो. पण या न्यायाच्या आश्वासनालाही 2024 साली तडा गेला. 5 मेच्या नीट परीक्षेनंतर गैरप्रकारांचा एक गुन्हा लातुरात दाखल झाला आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. एका दिवसाच्या एका प्रश्नपत्रिकेवर लाखो मुलांचे आयुष्य टांगलेले असते, तेव्हा त्या कागदाची किंमत इतकी चढते की तो फोडण्यासाठी वाटेल तेवढा पैसा लावणारी माणसे निघतात. शिवाय ही परीक्षा जात पाहत नसली तरी क्लासची फी आणि लातुरातल्या खोलीचे भाडे कुणाला परवडते, हे तिच्या निकालात उमटतेच. म्हणून गुप्ततेची ढाल टाकून द्यायची नाही. तिच्या जोडीला प्रत्यक्ष कामाची कसोटी आणायची आणि त्या कसोटीला बाहेरचा परीक्षक द्यायचा.

दुसरा आक्षेप संख्येचा. एका शिक्षकाकडे शेकडो विद्यार्थी असताना प्रत्येकाचे काम कोण तपासणार? लातूर पॅटर्ननेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. प्रत्येक सराव परीक्षेनंतर प्रत्येक उत्तरपत्रिका तपासून परत करण्याचे काम त्या शिक्षकांनी वर्षानुवर्षे केले. ते जमले, कारण संस्थेने ते काम महत्त्वाचे मानले आणि त्यासाठी वेळ काढून दिला. तीच मेहनत वेगळ्या प्रश्नाकडे वळवायची आहे. काम ऑनलाइन पाठवता येते, त्यावरची पाच-सात मिनिटांची तोंडी व्हिडिओ कॉलवर घेता येते, रेंज नसेल तर जवळच्या महाविद्यालयात घेता येते. आता तर संगणकच मागेल तो निबंध लिहून देतो, त्यामुळे नुसत्या घरच्या लेखी कामावर विश्वास ठेवण्याचे दिवस संपले आहेत. स्वतः केलेल्या कामावर समोरासमोर प्रश्न विचारणे हाच उपाय शिल्लक आहे आणि तो या भागाला नवीन नाही. कुरुंदकरांची पारख नांदेडने याच रीतीने केली होती.

असे काम शोधायला दूर जायला नको. 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. भूगोलाच्या विद्यार्थ्याने आपल्या गावातल्या दहा विहिरींची पातळी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजावी आणि फरकाचे कारण परीक्षकाला सांगावे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने लातूरच्या बाजार समितीतल्या सोयाबीन आणि तुरीच्या भावांचा हंगामभर माग ठेवावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने 1993च्या किल्लारी भूकंपाबद्दल आपल्या गावातल्या वृद्धांकडून ऐकून घ्यावे आणि ते सरकारी नोंदींशी ताडून पाहावे. यातल्या बहुतेक कामांची कॉपी करता येणार नाही, कारण दोन गावांच्या विहिरी सारख्या नसतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रीय प्रकल्पाला आणि प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाला आता श्रेयांक आहेत. दारे उघडी आहेत, पण तिथेही सर्वांना सरसकट गुण वाटण्याची रीत लवकरच पडेल, अशी भीती बाळगायला 2021चा अनुभव पुरेसा आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासमंडळांनी आणि अधिसभेने एवढा एकच नियम करावा: बाहेरच्या परीक्षकाने, विद्यार्थ्याशी बोलून, त्याच्या कामावर प्रश्न विचारल्याशिवाय प्रकल्पाचा एकही श्रेयांक देऊ नये. नांदेड-लातूरच्या पालकांनी आपल्या मुलाला किती टक्के मिळाले हे विचारतानाच, त्याला कोणते प्रश्न विचारले गेले हेही महाविद्यालयाला विचारावे.